भावेशचं ताट

हेमांगी पटेल तळोद्याला जनावरांची डॉक्टर आहे. सातपुड्यातल्या पाड्यांवर जीपने जाऊन शेळ्यांना लस टोचते, अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढते. मी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहते, शाळेत शिकवते आणि तिच्या लग्नाची काळजी तिच्या वडिलांपेक्षा जास्त करते. म्हणजे करायचे.

बघायला आलेल्यांपैकी एकाने विचारलं, नोकरी कायम आहे ना? आहे म्हटल्यावर लगेच पुढचं, मग दोन्ही वेळचा स्वयंपाक कोण करणार? दुसऱ्याच्या आईला तिच्या हाताला गोठ्याचा वास आला. साबणाने धुतलेल्या हाताला! असल्यांना चहा पाजायचा म्हणजे माझं डोकं फिरायचं. हेमांगीचं डोकं फिरायचंही बंद झालं होतं. कप उचलायची, धुवायची आणि पुढच्या रविवारी परत मांडायची.

मग भावेश आला. प्रकाशा गावचा, घरची केळीची बाग, शहाद्यात ठिबक सिंचनाचं दुकान. दोघं शहाद्याला एका हॉटेलात भेटू लागली. चहा झाला की हा स्वतःचा ग्लास काउंटरवर नेऊन ठेवायचा, वर तिचाही. "घरातलं सगळं येतं मला, खिचडी तर फर्स्ट क्लास," असं म्हणायचा. हे मला सांगताना हेमांगी हसली होती. किती महिन्यांनी हसली, देव जाणे.

त्यांच्याकडे मुलाचं घर बघायला बाप आणि काका जातात, मुलगी जात नाही. ही हट्टाने गेली आणि मलाही ओढून नेलं. तिला सगळ्यांसमोर एकच अट घालायची होती: नोकरी तळोद्यातच राहील आणि घरचं काम दोघांचं. "जेवणं होऊ देत, मग बोलते," म्हणाली.

पुरुषांची पंगत आधी बसली. जेवून सगळ्यांनी ताटातच हात धुतले आणि ओसरीवर जाऊन बसले. भावेशही गेला. हेमांगीने लहानपणापासून जे केलं तेच केलं. वाकली, वडिलांचं ताट उचललं आणि त्याच झपाट्यात शेजारचंही उचललं. वडिलांच्या शेजारी भावेश जेवायला बसला होता.

स्वयंपाकघरात बायका खिदळायलाच लागल्या. त्या घरात नवऱ्याचं उष्टं ताट बायकोच उचलते. भावेशच्या आईने, जसोदाबाईंनी, तिच्या तोंडात गूळ कोंबला. "आते बोलानं काय बाकी ऱ्हायनं? हाई पोर मन्हा घरनीच शे!"

ओसरीवर होकाराची बातमी पोचली. तिच्या वडिलांनी डोळे पुसले. हेमांगी दोन्ही हातांत ताटं घेऊन उभी होती, तोंडात गूळ. अट सांगायची तशीच राहिली.

परत येताना मी म्हटलं, "बोल ना काहीतरी."

"काही वाटतच नाहीये गं," ती म्हणाली. मला मात्र त्या भावेशची गचांडी धरावीशी वाटत होती.

पुढच्या रविवारी तो तिच्या क्वार्टरवर आला. तिने अट सांगितली. "अगं, मी कुठे नाही म्हणतोय?" तो म्हणाला. खिचडी मात्र तिनेच टाकली. मी लोणचं द्यायला गेले आणि मुद्दाम बसून राहिले. तो पोटभर जेवला, ताटात हात धुतले, सरकून भिंतीला टेकला आणि मोबाइल काढला. ताटातल्या पाण्यात बोटांची हळद उतरली होती. हेमांगी त्याच्याकडे बघत बसली. जरा वेळाने त्याने मान वर केली, ताट बघितलं, मग तिच्याकडे बघून वाट पाहिली. ती उठली नाही. शेवटी दुकानाचं काम सांगून तो निघून गेला.

सकाळी तिने माझ्यासमोरच स्पीकरवर फोन लावला. "नाही जमणार, भावेश."

"एका ताटासाठी?"

"हो. ताटासाठीच."

मग जसोदाबाईंनी फोन घेतला. "बेटा, येवढासा ताटकरता कोन्ही घर मोडस का?"

"मावशी, जीप आली," म्हणून हिने फोन ठेवला.

जीप आली नव्हती. ती रडेल म्हणून मी पदर सावरून तयार बसले होते. रडली असती तर मलाच बरं वाटलं असतं. ताट कालच्या जागीच होतं, कडेला शितं वाळून चिकटली होती. ते तिने मोरीत नेलं, नखाने शितं खरवडली, घासलं आणि पालथं घातलं.

घरात दुसरं होतं कोण?