आईला न कळणारी भाषा

"घरचं काय ते इंग्रजीत इचार बाबा," असं म्हणून ताई डब्याचं झाकण उघडायच्या आणि कारळाची चटणी पुढे सरकवायच्या.

नांदेडला विद्यापीठात आम्ही इंग्रजीच्या एम.ए.ला होतो. आम्ही विशीतले. ताई चाळिशीच्या, लातूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत शिक्षिका. रजा काढून शिकायला आलेल्या. वर्गात इंग्रजी बोलायची आम्हालाच लाज वाटायची. त्या मात्र खुशाल बोलायच्या, आपल्या गावच्या हेलात. आम्ही हसलो की त्याही हसायच्या.

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल, जे हसत असतं पण ज्याचं लक्ष भलतीकडेच असतं. बाहेरून मोठा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली, की ताई दाराबाहेर. पेन, पिशवी, सगळं बाकावरच. मग परत येऊन म्हणायच्या, "सॉरी सर, चालू द्या." लहानपणी भूकंपात त्यांचं गाव पडलं होतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

एकदा लेखनाच्या तासाला सरांनी आठवणीतल्या घरावर लिहायला सांगितलं. ताईंनी उभं राहून आपलं वाचलं, इंग्रजीत. दगडमातीचं घर कोसळलेलं, त्याखाली आई, बाहेर एक लहान मुलगी. आई दुपारपर्यंत हाका मारत राहिली, मग थांबली. बातमी वाचावी तशा सपाट आवाजात त्यांनी ते संपवलं.

सर हलकेच म्हणाले, "हे मराठीत लिहा. विभागाच्या अंकात घेऊ."

"न्हाई सर."

"का हो?"

"मराठीत लिहिलं की तिला कळंल. ती पुन्हा हाका मारंल." ताई खाली बसल्या. "म्हणून तर मी इंग्रजीला आले."

सरांनी पुन्हा विषय काढला नाही. माझ्या कानात मात्र कधीच न ऐकलेली ती हाक घर करून राहिली.

परीक्षा संपल्यावर ताईंनी मला आणि वर्गातल्या एका मैत्रिणीला गावी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "चला, जुनं गाव दाखवते."

नवं गाव माळावर, जुनं नदीकाठी. तिथे नुसत्या बाभळी आणि दगडांचे ढीग. ताई गाडीरस्त्यावरच थांबल्या. एका ढिगाकडे बोट केलं. "ते आमचं. इथून पुढं मी कधी गेले न्हाई."

मैत्रिणीनं भीतभीत विचारलं, "ताई, आई काय म्हणत होत्या?"

ताई बोलल्या, पण ते आमच्याशी नव्हे. त्या ढिगाकडे तोंड करून, मराठीत.

"तू म्हणालीस, पोरी, जवळ येऊ नको, भिंत पडंल. लांब हो. सारखं तेच म्हणून राहिलीस. मी ऐकलं तुझं. लांबच उभी राहिले, माय. घोटभर पाणीबी न्हाई दिलं तुला."

वारा पडला होता. ताई कान देऊन उभ्या होत्या. नकळत आम्हीही ऐकायला लागलो.

मग त्यांनी रस्ता सोडला. बाभळींमधून वाट काढत त्या सरळ ढिगापाशी गेल्या आणि दगडांना टेकून बसल्या. आम्ही दोघं रस्त्यावरच थांबलो. तिकडून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. समोरचं माणूस बोलायला लागलं की आपण थांबतो ना, तशा त्या मधे मधे थांबत होत्या.