वांग्यांच्या वाफ्यातला वाघ

बातमी आली तेव्हा मी अकोल्याला लेकीच्या अंगणात लसूण सोलत बसले होते. माझ्या जुन्या मैत्रिणीचा, अमीनाबीचा पुतण्या तिथे गाद्या-रजयांचा कापूस पिंजतो. तो गल्लीत शिरला की आधी धनुकलीची तार वाजवतो, मग हाक मारतो. त्या दिवशी तार वाजली नाही. धनुकली खांद्यावरच ठेवून तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चाची, बडी अम्मी गेली." मी त्याला आधी पाणी दिलं, मग लसणाची सालं सुपात गोळा केली... हाताला काही काम हवं होतं. दुसऱ्या दिवशी अमरावतीची वाट धरली.

याला आता महिना होऊन गेला. रडून झालं आहे, म्हणून लिहायला बसले. मी शाळेत गेलेली बाई नाही. कापसाची तेजी होती त्या वर्षांत दाबून बांधलेल्या गासड्यांवर काळ्या रंगाने मारलेली अक्षरं पाहून पाहून वाचायला शिकले, तेव्हा चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी नीट करून घ्यावं. आणि हा लेख वाचून कोणी डोळे पुसत बसलं, तर अमीनाबीला ते अजिबात आवडणार नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

आम्ही जातीचे माळी. अमरावतीच्या परकोटाबाहेर आमचा मळा, आणि मळ्याच्या पलीकडे पिंजाऱ्यांचा मोहल्ला. मधे फक्त एक बाभळीचं कुंपण. विलायतेला पलीकडच्या मुलखातून कापूस मिळेनासा झाला होता म्हणे. तिकडे कोणाचीतरी लढाई चालली होती, आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मग काय, ज्याच्या त्याच्या अंगणात सरकी काढायचा रेचा. माळणीही भाजी सोडून रेच्याला बसल्या. मी आणि अमीनाबी एकाच रेच्यावर. दांडा तिने फिरवायचा, कापूस मी घालायचा. तिचा हात चाले त्याच्या दुप्पट तोंड चाले, आणि माझंही काही मागे नसे.

त्याआधीच्या वर्षी आमच्या यांना पटकी झाली होती. वैद्याने हात टेकले. मी कुंपणातूनच मोहल्ल्यातल्या सवारीला हात जोडले आणि नवस बोलले, की हे वाचले तर तीन मोहरम सवारीपुढे वाघ होऊन नाचतील. आमच्याकडे असा नवस कोणीही करत असे, त्यात कोणाला नवल नव्हतं. सवारी म्हणजे रेशमी कापडं बांधलेला पितळी पंजा. तो अमीनाबीच्या घरचा, आणि तिचा नवरा कासमभाई तो धरायचा. हे वाचले. पण हे म्हणजे पहाडासारखा माणूस, गल्लीतून जाताना बायका दिसल्या तर खाली मान घालणारा. त्यांना जेव्हा कळलं की आपल्याला अंगभर पिवडी फासून, काळे पट्टे ओढून, शेपूट लावून नाचायचं आहे, तेव्हा म्हणाले, "मले न इचारता बोलली काहून? त्यापरीस मेलो असतो तं बरं." शेपटीत कापूस अमीनाबीने भरला. सोन्याच्या भावाचा कापूस शेपटीत, म्हणून गावभर थट्टा, की वाघापेक्षा शेपूट महाग आहे.

दोन मोहरम हसतखेळत झाले. तिसऱ्याला माशी शिंकली. तेजीने गावात नवा पैसा आला, आणि नव्या पैशाला नवी भक्ती फुटते. आमच्याकडच्या एका व्यापाऱ्याने एक बुवा आणून बसवले, मोहल्ल्यातल्या एकाने मौलवी आणले. बुवांनी कीर्तनात सांगितलं, की मोहल्ल्यात जाऊन जो सवारीपुढे नाचेल तो धर्माला मुकला, पंचांनी त्याला वाळीत टाकावं. मौलवींनी सांगितलं, सवारी एकवेळ निघू द्या, पण तिच्यापुढे वाघ येता कामा नये, त्यातून हिंदू तर नाहीच. अमीनाबी रेच्याचा दांडा थांबवून म्हणाली, "पार्वते, तुह्या बुवानं अन् आमच्या मौलवीनं एकाच पोथीतून वाचलं काय वं?"

तिला हसू येत होतं, मला नाही. नवस अर्धा राहिला तर यांचं काय होईल, या विचाराने मला अन्न गोड लागेना. आणि फेडावा तर वाळीत. माझ्या लेकीची सोयरीक अकोल्याला ठरली होती, आणि व्याह्यांचा निरोप आलेलाच होता, की वाळीत पडलेल्या घरची पोरगी आम्ही करत नाही, स्वतः येऊन पाहून जाऊ. एकीकडे कुंकू, एकीकडे पोर.

त्या दिवसांत आम्ही रेच्यावर जेवढं भांडलो तेवढं पुन्हा कधी भांडलो नाही. मी म्हटलं, "धर्म चांगलाच असते. माणसं खराब. दोस माणसायचा."

"असं कसं व माय?" ती म्हणाली. "चांगलं झालं तं धरमानं केलं, वाईट झालं तं माणसानं केलं? आपला दलाल पाय ना. गासडी चांगली निघाली तं म्हणते म्या निवडली, खराब निघाली तं म्हणते कुणब्यानं पाणी मारलं. असा हिसाब तं मले बी जमते."

"मंग दोस धरमाचा म्हणतं काय तू?"

"मले काय मालूम. वाचलं तुवा बी नाई, म्या बी नाई. पण ज्यायनं वाचलं, त्यायले तिथं काईतरी दिसलंच असंन ना? अजाबात नसलेलं कसं दिसंन?"

"कीर्तनात दया बी सांगतेत बुवा."

"आमचे बी सांगतेत. मंग दोन्ही असंन तिथं. ज्याले जे पायजे ते त्यानं उचललं. तू कापूस घाल, रेचा रिकामा फिरून राह्यला."

मी कापूस घातला. पण ती दांडा फिरवता फिरवता कुंपणाकडे पाहत राहिली, आणि अमीनाबी अशी पाहायला लागली की समजावं, काहीतरी शिजतंय.

आता सवारीची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सवारीचं वारं अंगात आलं की धरणारा आपल्या पायाने चालत नाही, ती नेईल तिकडे धावतो. त्याला अडवायचं नाही, रस्ता विचारायचा नाही. ही रीत मोहल्ला पाळे आणि माळीही पाळत. मौलवी आणि बुवा दोघेही परगावचे, त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं.

सवारी निघाली त्या दिवशी अमीनाबीच्या सांगण्यावरून मी यांना मळ्यातच रंगवलं. हे वांग्यांत उभे राहून विचारत होते, "इथं कोन पायते मले? वांगे?" तेवढ्यात ढोल वाजला, उदाचा वास आला आणि बाभळीचं कुंपण तुडवत कासमभाई पंजा घेऊन थेट आमच्या वाफ्यात. मागे सगळा मोहल्ला. वांगी पायाखाली पटापट फुटत होती. आमचे हे आयुष्यात नाचले नसतील असे नाचले, अगदी शेपूट गळून पडेपर्यंत. मी पंज्यावर ऊद घातला, नारळ फोडला. नवस फिटला. मौलवींनी विचारलं तेव्हा कासमभाई म्हणाले, वाघ सवारीपुढे आलाच नाही, सवारीच वाघापुढे गेली. आणि सवारीला कोण काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच आले, सोबत बुवा. नेमके त्याच सकाळी अकोल्याचे व्याहीही येऊन बाजेवर बसलेले. 

पंच म्हणाले, "तुमी मोहल्ल्यात जाऊन नाचले."

हे म्हणाले, "म्या मळ्यातून पाय बाहेर काढला नाई."

"मंग आंगाले रंग काहून लावला?" कानामागे पिवडी अजून तशीच होती.

यांनी जरा विचार केला. असा गरीब माणूस, पण त्या दिवशी कुठून सुचलं कोण जाणे. म्हणाले, "वानरं लय झाली जी. वांगे ठेवत नाईत. वाघ दिसला का पयतेत."

बुवा काही बोलणार, तोच आमचे व्याही मोठ्याने हसले. त्यांचाही अकोल्याला मळा. म्हणाले, "आमच्याकडं बी वानरं लय हायेत. पोरगी तं आमी नेतोच, पण पेरणीच्या आंदी हा वाघ बी चार दिवस धाडा." मग पंच हसले, आणि हसलेल्या तोंडाने कोणाला वाळीत टाकता येत नाही.

संध्याकाळी अमीनाबी चोंगे घेऊन आली. गुळाचा तो गोड तुकडा माझ्या तोंडात कोंबून म्हणाली, "अडवलं ते बी धरमानं, सोडवलं ते बी धरमानंच. आता सांग पार्वते, बोल कोनाले लावतं?"

"तुले," मी म्हटलं. "माह्ये सारे वांगे गेले."

कासमभाईंच्या अंगात खरंच वारं आलं होतं की तिने घरातून निघताना त्यांना रस्ता सांगून ठेवला होता, हे मी तिला उभ्या जन्मात खूपदा विचारलं. ती म्हणे, "सवारीले रस्ता मालूम होता. म्या फक्त पह्यलेच कुंपनाचे काटे सैल करून ठेवले." माझं म्हणणं खरं की तिचं, धर्म दोषी की माणूस, मला अजून ठरवता आलेलं नाही. तेजी गेली, बुवा गेले, मौलवी गेले. वाघ अजून आहे, दात तेवढे पडले आहेत. अमीनाबीच्या मातीला हे खांदा द्यायला गेले तेव्हा कोणीही काही विचारलं नाही.

त्या वर्षापासून सवारी दर मोहरमला आमच्या मळ्यातून जाते. मोहरम फिरत फिरत येतो, तसं पीक बदलतं. कधी वांगी, कधी मेथी, कधी कांद्याचं रोप. पण मधली एक पट्टी मी मोकळी सोडते. सवारीच्या आदल्या दिवशी अमीनाबी यायची, चपला कुंपणाशी काढायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालून पाहायची. काटा लागला की पाय वर करून मला दाखवायची आणि म्हणायची, "हे पाय, तुह्या मळ्याची साफसफाई."

यंदा मेथी आहे. मोहरम आठवड्यावर आला आहे. आता पंजा तिचा मुलगा धरतो. आज सकाळी मी चपला काढून ती पट्टी स्वतः चालून पाहिली... एकदा जाताना, एकदा येताना. मला काटा लागला नाही. तिला लागलाच असता. उद्या परत जाऊन पाहीन.