नावं झाकायचं काम

दादासाठी पेज घेऊन मी सकाळी दवाखान्यात गेले, तेव्हा त्याच्या खाटेवर एक बाई धुतलेली चादर घालत होती. मला वाटलं, त्याला तपासायला नेलं असेल. मी डबा स्टुलावर ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. थोड्या वेळानं नर्सबाई आल्या. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या शेजारी फोन केलता की आम्ही. निरोप मिळाला न्हाय?" मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी माझा हात धरला आणि सांगितलं. पहाटे गेला होता तो. "पेशंटच्या कोण तुम्ही?" असं कागद घेऊन आलेल्या माणसानं विचारलं. "भैन," एवढंच मी म्हणाले. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते, म्हणून मला रडताही येईना. पेजेचा डबा तसाच हातात घेऊन चालत घरी आले...

त्याला आता सात आठवडे झाले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं पुष्कळ आली. दादाचे विद्यार्थी बोलले, त्याच्याबरोबर कॉलेजात शिकवणारे बोलले. त्याचं संशोधनाचं त्रैमासिक किती स्वच्छ होतं, हे सगळ्यांनीच सांगितलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. मला बोल असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी तोंडातून शब्द फुटला नसता. चार माणसांत मला बोलता येत नाही, लहानपणापासून. म्हणून त्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते लिहून ठेवते आहे.

आमचं गाव गारगोटीच्या पलीकडं. गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पाचवीला गारगोटीला जावं लागायचं. दादा गेला, मी शेतात भांगलायला गेले. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. पुढं लग्न झालं, नवऱ्यानं दुसरी केली आणि मी परत आले. तोवर दादा कोल्हापुरात प्राध्यापक झाला होता आणि वहिनी वर्षापूर्वीच वारली होती. मूलबाळ नव्हतं. "सुमे, तू हितंच ऱ्हा," एवढंच तो म्हणाला. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत मी राहिले, ती राहिलेच. मी आले तेव्हा बाहेरच्या खोलीत नुकतंच त्रैमासिक सुरू झालं होतं. समाजातल्या कामकरी लोकांवरचे लेख त्यात असायचे. वर्षाला चार अंक, पिवळसर कागदाचे.

दादाची पद्धत अशी होती की लेखाचं पाकीट त्यानं स्वतः कधी उघडायचं नाही. पाकीट मी उघडायचं. लेखकाचं नाव असलेलं पहिलं पान काढून कपाटात ठेवायचं, लेखावर नंबर टाकायचा. मग आतली सगळी पानं नजरेखालून घालून, कुठं लेखकाचं नाव-गाव सापडलं तर काळ्या शाईनं झाकायचं. असा बिननावाचा लेख बाहेरगावच्या दोन तज्ज्ञांकडे जायचा. दोघांचं उत्तर आल्यावरच दादा तो वाचायचा, आणि छापायचा की नाही ते ठरल्यावरच मला म्हणायचा, "काढ आता पान. बघू कोण हाय." कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची. हे काम मलाच का, असं मी एकदा विचारलं होतं. तर म्हणाला, "तुला नाव वाचता येतंय, आणि त्या नावाचा माणूस मोठा का बारका ते ठावं न्हाय. असलं माणूस कॉलेजात धुंडून सापडायचं न्हाय." मी हसले. पण मला ते आवडलं होतं. माझ्या न शिकण्याचा कुणाला उपयोग झालेला तेवढाच.

लेख मला समजायचे नाहीत. शब्द लागायचे, अर्थ लागायचा नाही. एक लेख मात्र मी सगळा वाचला. दहा-अकरा वर्षं झाली त्याला. कबनूरच्या एका मुलीनं हातानं लिहून पाठवला होता. नाव रेहाना, शिकत होती अजून. यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या बायकांवरचा होता तो. दोरा कांडीवर गुंडाळायचा, दिवसभर, तेच काम. त्यात एक म्हातारी बोलत होती, "झोपेत सुदीक माझा हात फिरतोय. आमचे ह्ये म्हंत्यात, अगं सरक तिकडं, मला गुंडाळशील." दुपारी एकटी वाचत होते, मोठ्यानं हसले. असंही लेखात लिहितात हे मला माहीत नव्हतं. दोन दिवस ती म्हातारी माझ्या डोक्यात होती. लेख तज्ज्ञांना पाठवायच्या आधीच त्या मुलीचं कार्ड आलं. 'माझे मार्गदर्शक म्हणतात की इतक्यात छापू नये, लेख कच्चा आहे. तरी कृपया परत पाठवावा.' लेखकानं मागितला की लेख परत द्यायचा, कारण विचारायचं नाही, हा दादाचाच नियम. मी परत पाठवला, टपालाच्या वहीत लिहिलं. दादानं तो बघितलाही नव्हता.

वर्षभरानं एक टाइप केलेला लेख आला. पहिल्या पानावरचं नाव मला ओळखीचं होतं. एवढं एकच नाव मी ओळखत होते, कारण ते मोठे प्राध्यापक आमच्या घरी जेवायला यायचे. माझ्या हातचा तांबडा रस्सा त्यांना आवडायचा. कॉलेजांच्या वाचनालयांत दादाचा अंक लागला तो त्यांच्या शब्दानं. मी पान कपाटात ठेवलं आणि आतली पानं चाळायला बसले. तिसऱ्या पानावर ती म्हातारी होती. तिचं बोलणं पुस्तकी करून टाकलं होतं, 'निद्रेतही माझा हात फिरत असतो' असं काहीतरी. पण तीच होती. पुढच्या पानांवरही सगळं तेच...

हातात शाईचं पेन घेऊन मी बसून राहिले. दादा शेजारच्या खोलीत होता. पण लेख कुणाचा हे त्याला सांगायचं नाही, हेच तर माझं काम होतं. आणि मला वाटलं, शिकलेल्या लोकांत असंच असेल. आपल्यात सून भाकऱ्या थापते आणि पाहुण्यांना वाढायला सासू पुढं होते, तसं असेल. पोरीनं लिहायचं, सरांनी नाव घालायचं. मी कोण चौथी शिकलेली, प्राध्यापकाला चोर म्हणणारी? मी लेखावर नंबर टाकला. दोन्ही तज्ज्ञांनी 'जरूर छापावा' म्हणून कळवलं. दादानं वाचला आणि मला हाक मारून म्हणाला, "लई दिवसांनी असा लेख आलाय बघ. काढ पान." मी काढून दिलं. नाव बघून तो खूश झाला. मी चहा टाकायला आत गेले.

अंक निघाला आणि रेहाना आली. कबनूरहून एसटीनं, एकटीच. बारीक अंगाची, आवाज मोठा. बसलीसुद्धा नाही. "सर, हा लेख माझा हाय. ही म्हातारी माझी नानी हाय, सर! त्यांनी तिला डोळ्यानं बघितलेलं न्हाय." दादा म्हणाला, "पोरी, असं बोलताना काय पुरावा लागतोय, ठावं हाय न्हवं?" ती म्हणाली, "तुमच्याकडंच हाय की पुरावा. पहिल्यांदा मी हितंच पाठवलता."

दादानं मला हाक मारली. मी दारात आले. "आलता?" मी म्हणाले, "आलता. परत पाठवला." त्यानं टपालाची वही मागितली. माझ्या अक्षरातली ती ओळ त्यानं बोट ठेवून वाचली. वहीत तिचं कार्डही मी जपून ठेवलं होतं, ते दोनदा वाचलं. मग रेहानाला म्हणाला, "जा तू. पुढचा अंक निघू दे."

ती गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. मी ओळखलं होतं, आणि गप्प बसले होते. तो रागावेल असं वाटलं होतं. त्यानं टपालाची वही मिटली. "सुमे," म्हणाला, "नावं झाकायची ती माणूस मोठा का बारका दिसू नये म्हणून. चोरी झाकायला न्हवं." तेवढंच. त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

ते प्राध्यापक येऊन गेले. आधी हसत होते. "अहो, मार्गदर्शकाचं नाव असतंच की लेखावर."

"असतंय. पण तिचं कुठाय?" दादानं विचारलं.

"तिला काय येतंय? मी शिकवलं तिला. भाषा सगळी माझी."

"भाषा तुमची, हे मातर खरं. म्हातारीला निद्रा लावलीसा."

मला आतमध्ये हसू आलं आणि लगेच भीती वाटली. कारण प्राध्यापकांचा आवाज बदलला होता. "एका पोरीसाठी अंक बुडवणार व्हय तुम्ही?" दादा म्हणाला, "बुडला तर बुडला. जेवून जाणार का?" ते जेवले नाहीत. पुन्हा कधी आले नाहीत.

पुढच्या अंकाच्या पहिल्याच पानावर चौकटीत छापून आलं. लेख रेहानाचा आहे, मागच्या अंकातलं नाव चुकीचं आहे, वाचकांनी तो तिच्या नावानं वाचावा. आणि खाली, 'ही चूक सर्वस्वी संपादकाची आहे.' छापण्याआधी दादानं मला ते वाचायला दिलं होतं. मी म्हणाले, "चूक माझी हाय की." तो म्हणाला, "तुझं नाव हाय का अंकावर कुठं? न्हाय. मग चूकबी माझीच." प्रेमानंच म्हणाला. मी मात्र त्यावर किती दिवस विचार करत बसले.

वाचनालयं एकेक करून गळाली. अंक बारीक होत गेला. पुढच्या काही वर्षांत लेख वाढले खरे, पण प्राध्यापकांना बढतीसाठी छापलेला कागद हवा असायचा. एक जण चंदगडहून काजूची पिशवी घेऊन आला. त्याला लेख मागच्या वर्षीच्या अंकात छापून हवा होता. तारीख तेवढी मागची घाला म्हणाला. दादा म्हणाला, "पावणं, गेलेल्या सालात मी कसा जाऊ? वाट दावा, जातो." पिशवी परत पाठवली. तसले अंक काढून देणारे दुसरे बरेच झाले होते तोवर. शेवटची तीन वर्षं दादाचा अंक निघाला नाही. तरी टपाल आलं का, हे तो रोज विचारायचा.

मागच्या आठवड्यात रेहाना आली. आता ती एका कॉलेजात शिकवते, चष्मा लागला आहे. दादाच्या आठवणींची एक पुस्तिका काढायची म्हणून तिनं लिहून आणलं होतं. "मावशी, ऐका. कुठं चुकलं असंल तर सांगा." ती वाचू लागली. चांगलं लिहिलं होतं. मग ती त्या लेखावर आली. 'सर त्या वेळी मैत्रीपोटी चुकले. ओळखीचं नाव बघून त्यांनी डोळे झाकले. पण मी सांगताच त्यांनी चूक कबूल केली, हा त्यांचा मोठेपणा...'

मी ऐकत होते. एवढी वर्षं तिला असंच वाटत होतं. आणि आता ते छापून येणार, लोक वाचणार, दादानं नाव बघून डोळे झाकले म्हणून. खरं माहीत असलेलं माणूस आता मी एकटीच. ती पुढचं पान उलटत होती. मी म्हणाले, "थांब."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "दादानं नाव बघितलंच नव्हतं. नाव मी बघितलं. तुझी नानी मी ओळखली होती. तुझा लेख मी सगळा वाचलता आधी... आणि मी बोलले न्हाय."

रेहानानं चष्मा काढला. "ओळखली होती?"

"व्हय."

"मग मी आले त्या दिवशी? दारात हुब्या होतासा की तुम्ही."

"व्हय."

तिनं हातातले कागद मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "लेख कधी छापून येतोय म्हणून नानी वाट बघत हुती, मावशी. तिला वाचता येत नव्हतं. अंक आल्यावर मला म्हणाली, तुझं नाव कुठं हाय, त्याच्यावर बोट ठिव. मला ठेवता आलं न्हाय. दुरुस्तीचा अंक निघायच्या आत ती गेली."

तिनं मला धीर दिला नाही, आणि द्यावा असं मला वाटलंही नाही. तिनं पेन काढून त्या चार ओळी खोडल्या. मग खाली मान घालूनच म्हणाली, "जे झालं ते लिहायला पायजे. सरांनीच शिकवलंय. तुमचं नाव घालू?"

"घाल," मी म्हणाले.

"पूर्ण नाव काय तुमचं? मला ठावंच न्हाय."

माहेरचं सांगावं का सासरचं, असं क्षणभर झालं. मग मी माझं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव सांगितलं. पुढची दोन्ही दादाच्या नावातलीच.

ती लिहून घेत होती तोवर मी बाहेरच्या खोलीत बघत होते. दादाची खुर्ची टेबलापासून थोडी मागं, तिरकी सरकलेली आहे. दवाखान्यात जायला तो हातानं रेटून उठला, तशीच. रोज मी तिच्या भोवतीनं झाडते.