नव्या वहाणा घेऊन लातूरला

मुदखेड स्टेशनावर पोचेपर्यंतच नव्या वहाणांनी डावी टाच सोलली. काढून हातात घ्याव्यात तर ओळखीची माणसं बघत होती. तसाच गाडीत चढलो.

आजवर कुठलीच नवी वहाण मी आधी घातलेली नाही. बसप्पा घालायचा. आमचं दोघांचं माप एकच, पण त्याच्या पायाचं कातडं बाभळीच्या सालीसारखं. तो वापरून मऊ करून द्यायचा. बदल्यात त्याचे गोऱ्हे (तरणे बैल) मी औताला लावून द्यायचो. मग लातूर जिल्हा झालं, त्याच्या लेकाला तिथं कचेरीत नोकरी लागली अन् तो बापालाही घेऊन गेला.

ह्या वहाणा घेताना मोची म्हणाला, "पाण्यात भिजवा, सैल होतेत."

"बैलाला पाणी न्हाई, वहाणंला कुठून आणू?"

म्हणून बसप्पाकडंच निघालो. गावात मात्र सांगितलं, नवा जिल्हा बघून येतो.

नांदेडला लातूरची एसटी धरली. पुलावरून पाहिलं तर गोदावरीच्या पात्रात बायका झिरे (वाळूत पाण्यासाठी खणलेले खड्डे) उपसून राहिलेल्या. लोह्याच्या पुढं रानात हिरवं असं काही दिसलंच नाही. शेजारच्या माणसाची नजर माझ्या पायावर गेली.

"काका, काढून बसा की. रगत येऊन राहिलंय."

"पाय तुमचा हाय का?"

अहमदपूर येईपर्यंत तो खिडकीबाहेरच बघत बसला. मलाही बोलायला कुणी उरलं नाही.

लातूरला दुकानांच्या पाट्या नव्यानं रंगवणं चाललं होतं. 'जिल्हा' हा शब्द जिथं तिथं ओला. विचारत विचारत घर गाठलं. बसप्पा खाटेवर पडलेला. मला कुणी कळवलं नव्हतं.

त्याची सून म्हणाली, "मामंजी पडले होते. डॉक्टर म्हणतेत, हाड जुळलंय, आता चाला. ह्ये खाटंवरून उतरतच न्हाईत."

बसप्पानं माझ्या तोंडाआधी पायाकडं पाहिलं.

"लंगडून राहिला की रे किशना."

"खाटंवरचा माणूस मला लंगडा म्हणतो?"

"आण इकडं. तुला कधी जमलंय का ते?"

सुनेनं आणलेले धपाटे ताटात तसेच राहिले. त्यानं वहाणा घातल्या, माझा खांदा धरला अन् उठला. बाभळीची साल कुठली, पाय लोण्यासारखे मऊ पडले होते. पहिल्याच पावलाला तोंड वाकडं झालं. पण दारापर्यंत गेला, अन् परत आला.

"लई चावतेत."

"चावणारच. नव्या हायत."

दोन दिवस राहिलो. निघताना वहाणा मागितल्या नाहीत.

"मऊ झाल्या की घेऊन ये. मी न्यायला येणार न्हाई."

"मी? मुदखेडला?" म्हणत त्यानं त्याच्या रबरी चपला माझ्याकडं सरकवल्या.

त्या पायात बरोबर बसल्या. कुठं घासलं नाही, कुठं टोचलं नाही. चालताना करकर आवाजही नाही. आपण चाललोय असंच वाटेना. त्या दोन दिवसांत मी जेवढं बोललो, तेवढं घरी वर्षात बोलत नाही.

मुदखेडला उतरल्यावर एकानं विचारलं, "कसा हाय नवा जिल्हा?"

"लांब हाय," म्हटलं, अन् घरची वाट धरली.