कुरडयांना वळसा

सुनीताच्या, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुखवतातल्या एकावन्न कुरडया मी एका लाथेत संपवल्या.

तिचं लग्न सहा दिवसांवर आलं होतं. अंकुशनगरला आमच्या अंगणात मायनं बाजेवर लाल, हिरव्या, पांढऱ्या कुरडया वाळत घातल्या होत्या. (व्याह्यांकडच्या बाया रुखवत पाहायला नव्हे, खोट काढायला येतात!) त्याच अंगणात मी फुटबॉल वळवायचा सराव करत होतो. शाळेत मी विज्ञान शिकवतो; सगळ्यांत तरुण म्हणून फुटबॉलही माझ्याच गळ्यात पडलेला. संघातल्या मुलींना वळणारी किक दाखवायची होती आणि माझा चेंडू काही केल्या वळत नव्हता.

वळवायचा तर मध्ये अडथळा हवा. अंगणात अडथळा एकच होता: बाज.

"काय करून राह्यला रे?" मायनं विचारलं.

"माय, चेंडू बाजेला वळसा घालून पलीकडं जाईल."

"आन् न्हाई गेला तर? थांब, बाज उचलू."

"बिलकुल गरज न्हाई! एका बाजूला हवेचा दाब कमी होतो, मंग चेंडू तिकडं वळतो. शास्त्र आहे हे!"

दुसऱ्या कुठल्याही घरात माझ्या पाठीत लाटणं बसलं असतं. पण आमच्या सात पिढ्यांतला मी पहिला पदवीधर! अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तंबाखू मळता मळता निकाल दिला, "राहू दे बाज. बी.एस्सी. झालेला हाय तो. त्याला बराबर ठाऊक असंल."

माय गप्प बसली. माझ्या पदवीपुढं ती नेहमीच गप्प बसते.

मी सहा पावलं मागं गेलो, वाऱ्याचा अंदाज घेतला (वारा नव्हताच, पण घेतला!) आणि धावत येऊन लाथ हाणली. चेंडू शास्त्राला न जुमानता सरळ बाजेवर! लाल, हिरवा, पांढरा चुरा अण्णांच्या टोपीवर येऊन बसला.

"वारा... वारा उलटा होता," मी म्हणालो.

"वारा न्हाई भाऊ, तुझा पाय उलटा हाय!" दारातून सुनीता. मला वाटलं, आता रडेल. पण ती ओढणी कमरेला खोचत आली. "तू चेंडूच्या पोटात लाथ घालून राह्यला. शेणानं सारवताना हात कसा कडेनं घेऊन शेवटाला वळवतो? तसा पाय फिरव."

"तू कधी खेळलीस?"

"खेळली कुठं? आठ दिवस झाले, तुझं चुकतंय ते पाहून राह्यली."

तिनं अनवाणी पायानं चेंडू मारला. तो बाजेच्या उजवीकडून निघाला, हवेत डावीकडं वळला आणि बरोब्बर बाजेमागं उतरला. अण्णांची तंबाखू तळहातावरच राहिली. माझ्या कॉलेजसाठी दहावीनंतर शाळा सोडलेल्या माझ्या बहिणीनं जे पुस्तकात मला कळलं नव्हतं ते सारवणात शिकवलं! मी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून!

"टाळ्या मंग वाजव," माय माझ्या पदवीपुढं पहिल्यांदाच बोलली. "आधी गहू भिजव. आन् सोऱ्या तूच फिरवायचा!"

तीन दिवस गहू भिजवले, वाटले, चौथ्या दिवशी चीक शिजवून मी सोऱ्या धरला. सुनीता शेजारी बसून सांगत होती, "भाऊ, गोल... अजून गोल..."

लग्नात व्याह्यांकडच्या बाया रुखवतापुढं थबकल्या. "अगं बाई, ह्या शेवया लई सरळ आल्या हो! कुणी केल्या?"

अण्णा छाती काढून म्हणाले, "आमच्या बी.एस्सी.नं!"