मागच्या सीटवरच्या साहेबबाई

बस डेपोच्या कारखान्यात मी सीटा शिवायची. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण दाभण हातात आला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. परिवहन खात्याचा सगळ्यात मोठा साहेब कोण व्हावा, हे उद्या मला विचारतील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी डोक्यावर थापायला गार पाणी दिलं असतं.

पण विचारलं खरं. आमच्या साहेबबाईंचं नाव त्या पदासाठी आलं होतं. कंडक्टर म्हणून खात्यात शिरल्या, मग वेळापत्रकं लावली, मग आमचा डेपो सांभाळला, मग सगळ्याच डेपोंवर नजर. सगळे जिने पायांनी चढल्या. आता निवड समिती त्यांचं काम पाहिलेल्या लोकांचं म्हणणं ऐकणार होती. कामगार संघटनेच्या चिटणिसाने माझंही नाव दिलं. "मावशी, तुमचं तोंड बंद करणं आजवर कुणाला जमलेलं नाही," म्हणाला. मी ते कौतुक धरून चालले.

अडचण एकच, दवाखान्याची बस. साहेबबाईंनी एके काळी ती बंद केली होती आणि समितीतल्या एका चष्मेवाल्या सदस्याने तेवढंच धरून ठेवलं होतं. "जिने आजाऱ्यांची बस बंद केली, तिच्या हाती सगळ्या बस द्यायच्या?" निम्मी समिती त्याच्याकडे झुकलीय, असं चिटणीस सांगत होता.

घरी नात मला शिकवायला बसली. "आजी, फक्त चांगलं बोल. त्या बसचं नाव काढू नकोस."

"आणि त्यांनी काढलं तर?"

"म्हण, आठवत नाही, वय झालंय."

"वय तुझ्या आईचं झालंय. मला सगळं आठवतं."

निवृत्त झाले तरी कारखान्यात माझी चक्कर असतेच. समितीपुढे जायच्या आदल्या दिवशी साहेबबाई तिथे आल्या, रेक्झिनच्या गठ्ठ्यावर टेकल्या. "मावशी, बसचं विचारलं तर खरं ते सांगा."

"आणि पद गेलं म्हणजे?"

"गेलं तर गेलं. लपवून मिळालं तर रोज उशाशी घेऊन झोपावं लागेल."

सभागृहात माझ्यापुढे माईक ठेवला. तो माझ्यापेक्षा उंच होता. चष्मेवाल्याने पहिलाच प्रश्न टाकला, "आजी, ती बस यांनीच बंद केली ना?"

"त्यांनीच," मी म्हटलं. चिटणिसाने कपाळाला हात लावला. मी पुढे सांगू लागले. भीड भिकेची बहीण, एकदा माईक पुढ्यात आला की कसली भीड?

"बस रिकामी धावते असं कागदावर दिसलं, यांनी खुर्चीत बसून सही केली. उंटावरून शेळ्या हाकल्या. मग दवाखान्यातल्या आया-नर्सबाया डेपोवर चालून आल्या. दुसरा कुणी असता तर मागच्या दाराने घरी गेला असता. या त्यांच्याबरोबर थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कळलं, बायांची कामाची पाळी सुटायच्या आधीच बस निघून जायची. रिकामी नाही धावणार तर काय? बस पुन्हा सुरू केली, वेळ पुढे सरकवली. आणि सगळ्या ड्रायव्हरांपुढे म्हणाल्या, चूक माझी, मी न बघता सही केली."

"एकदा चूक कबूल केली, झालं?" चष्मेवाला म्हणाला.

"तेवढ्यावर कशाला झालं? तेव्हापासून कुठलाही मार्ग सुरू करायचा असो की बंद, आधी स्वतः त्या बसमधून जातात. तेही सगळ्यात मागच्या सीटवर, चाकाच्या वर. तिथे खड्डा आधी कंबरेला कळतो, मग ड्रायव्हरला. ड्रायव्हर पाठीमागे 'मागच्या सीटची राणी' म्हणतात. मला दया आली म्हणून मी त्या सीटखाली गुपचूप दुप्पट फोम भरला. दुसऱ्या दिवशी या कारखान्यात हजर! म्हणे, मावशी, मला गादी लागली तर लोकांचे हाल कळायचे कसे? फोम काढायला लावला. उसवताना माझी सुई मोडली, त्याचा राग मला अजून आहे."

हशा पिकला. चष्मेवाला मात्र हसला नाही. तो साहेबबाईंकडे वळला. "हे पद मिळाल्यावर बसमध्ये बसायला वेळ कुठून आणाल?"

"आजही बसनेच आलेय."

"कुठे बसलात?"

त्या तोंड उघडायच्या आत मागच्या बाकांवरून ड्रायव्हर मंडळी ओरडली, "मागे!"

आता मात्र तोही हसला. हसून चष्मा पुसत बसला. तेव्हाच मी मनाशी म्हटलं, आपली बस मार्गाला लागली. संध्याकाळी निकाल साहेबबाईंच्या बाजूने लागला, त्यात त्याचाही हात वर गेला होता.

पुढच्या आठवड्यात साहेबबाईंनी मला नव्या ऑफिसात बोलावलं. खुर्ची अशी फुगलेली, की माणूस बसला तर दिसू नये. "मावशी, यातला थोडा फोम काढून द्या."

मी सुया पिशवीत परत टाकल्या. "नाही काढणार. ही गादी पाहुण्यांना बसायला राहू दे. तुम्ही यात बसूच नका फार."

"मग कुठे बसू?"

"चला," मी म्हटलं, "मला घरी जायचंच आहे. आमच्या बाजूची बस अलीकडे फार आदळते."

त्यांनी पर्स उचलली. बसमध्ये पुढे जागा होती. मी पुढे बसले, माझी कंबर काही सरकारी नाही. त्या सरळ मागे गेल्या.