आत्यांची यादी आणि लाल रंगाची माणसं

पांढुर्णा ते सौसर या टापूत पन्नाशी ओलांडलेल्या ज्या माणसाचा फोन नंबर माझ्या आतेसासूबाईंकडे नाही, तो एकतर या भागात नवा असावा किंवा त्याची नजर घारीची असावी. सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या आमच्या आत्या दर तीन महिन्यांनी सौसरच्या बुद्धविहाराच्या सभागृहात डोळ्यांचं शिबिर भरवतात. नागपूरहून डॉक्टर येतात, ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांना गाडीत बसवून ऑपरेशनला नेतात आणि दोन-तीन दिवसांनी परत आणून सोडतात. डोळे तेवढे डॉक्टर बघतात. बाकी सगळं आत्या. आणि हे बाकी सगळं त्यांच्या कम्प्युटरवरच्या एका शीटमध्ये असतं.

हे शीट त्या साठीनंतर बसस्टँडजवळच्या क्लासात जाऊन शिकल्या आणि त्या दिवसापासून त्यांना सारं जग उभ्या-आडव्या चौकटींत दिसू लागलं. नाव, गाव, डावा डोळा की उजवा, इथपर्यंत कोणीही लिहील. आत्यांनी पुढे 'फोन कोणाचा' असा रकाना केला, कारण निम्म्या म्हाताऱ्यांचा नंबर पुतण्याचा नाहीतर शेजारच्या किराणावाल्याचा. त्यापुढे 'कधी उचलते'. तिथे 'बकऱ्या घरी आल्यावर', 'सिरियल संपल्यावर', 'जामसांवलीच्या मारुतीपाशी नारळाचं दुकान, मंगळवार-शनिवार नको' अशा नोंदी. त्यापुढे 'नमस्कार कोणता'. कोणापुढे जय भीम, कोणापुढे राम राम, तर मोहगावच्या एका रिटायर मास्तरांपुढे 'नमस्कार, पण सावकाश'. मग एक रकाना रिकामा सोडून, शेवटी मोठ्या ठळक आकड्यांत नंबर, म्हणजे आत्यांना चष्मा न शोधता वाचता यावेत. शिवाय नावांना रंग होते. ऑपरेशन झालेले हिरवे, येतो म्हणणारे पिवळे आणि नाही म्हणणारे लाल. लाल माणसाला आत्या पुन्हा फोन करत नसत. "ज्याले डोळा नको, त्याच्यामागं मी काहून धावू?" असा त्यांचा रोकडा हिशेब.

नंबर मिळवायला त्यांना जागा-वेळेचं बंधन नसे. मोहगावच्या एका लग्नात अक्षता पडताच त्या स्टेजवर चढल्या, नवरा-नवरीला ओलांडून नवरदेवाच्या आजोबांपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा नंबर लागून नाही राहिला. नवा घेतला का?" मला बघायला आल्या तेव्हा स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. माझा नंबर लिहून घेतला आणि काळजीने विचारलं, "लग्नानंतर हाच राहीन न?" मात्र इतक्या खटपटीने मिळवलेल्या नंबरावर त्या बोलायच्या जेमतेम अर्धा मिनिट. "रविवारी नऊले या, जेवून या, जुना कागद आणा." खट्‌. पलीकडचा माणूस अजून हॅलोच म्हणत असायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी पांढुर्ण्याहून त्यांच्याकडे गेले होते. शिबिराला आठ दिवस होते. डॉक्टरांच्या माणसांना नावं पटकन सापडावीत म्हणून आत्यांनी यादी अक्षरांच्या क्रमाने लावली, समाधानाने सेव्ह केली आणि कम्प्युटर बंद केला. सकाळी पहिला फोन लावला. "राम राम काकाजी," आत्या म्हणाल्या.

"काकाजी कोण वो?" पलीकडून एक बाई म्हणाली.

दुसरा चुकला, तिसराही चुकला. मी शीट उघडून बघितलं. यादी लावताना कम्प्युटर त्या रिकाम्या रकान्यापाशी थांबला होता. नावं आपापली गावं आणि नमस्कार घेऊन नव्या जागी गेली होती, नंबर मात्र जुन्याच जागी उभे. सव्वादोनशे माणसांपुढे सव्वादोनशे भलतेच नंबर. दुसरी प्रत नव्हती. जुनी वही शीट जमायला लागल्यावर आत्यांनी स्वतःच रद्दीत दिली होती.

आत्या चहाचा कप हातात धरून बसून राहिल्या. "माणसं सगळी आहेत वं पोरी," त्या म्हणाल्या, "पण कोणाचा नंबर कोणता, काईच समजून नाही राहिलं. या खेपेला नका येऊ म्हणून सांगते डॉक्टरले."

"आत्या, नंबर तर खरेच आहेत ना? एकेक लावू आणि विचारू, तुम्ही कोण म्हणून."

"फोन मी लावायचा अन् कोण बोलते हेबी मीच विचारायचं? लोक काय म्हणतीन?"

पण दुसरा उपायच नव्हता. मी शीट घेऊन शेजारी बसले आणि आत्यांनी फोन लावला. कोणाला कोणता नमस्कार तेही कळत नसल्याने त्यांनी सगळेच एका दमात म्हणून टाकले. "जय भीम, राम राम, नमस्कार! मी सौसरची सिस्टर बोलून राहिली. तुम्ही कोण?"

पलीकडचा गृहस्थ मोठ्याने हसला. "सिस्टर, एवढे सगळे मले एकट्यालेच?"

त्याने नाव सांगितलं. मग न विचारताच नात शिकायला नागपूरला गेल्याचं सांगितलं, बागेत संत्री चांगली लागल्याचं सांगितलं. नाव विचारल्यावर फोन खट्‌ करून ठेवता येत नाही, हे आत्यांच्या लक्षात आलं. अर्ध्या मिनिटाचे फोन दहा मिनिटांचे झाले. एका नंबरावर एक बाई म्हणाली, "ते तं गेले सिस्टर, पाऊस सुरू व्हायच्या आधी. त्यांचा फोन मीच चालू ठेवला." आत्या हळूच म्हणाल्या, "अन् तुमचे डोळे कसे आहेत?"

तिसऱ्या दिवशी बोरगावचा एक फोन लागला. आवाज म्हातारा, पण खणखणीत. "सिस्टर! किती दिवसानं वो!" तिने नाव सांगितलं. मी यादीत शोधलं आणि आत्यांपुढे बोट ठेवलं. लाल.

"तू तं नाही म्हणाली होतीस," आत्या म्हणाल्या.

"म्हटलं होतं न. तवा सून बाळंतीण होती, कशी येऊ? मंग दोन वर्षं तुमच्या फोनची वाट पाहून राहिली. मले वाटलं, माझं नावच कापलं तुम्ही."

"अवं, मग तू काहून नाही केला फोन?"

"नंबर दिसत नाही न वो."

फोन ठेवून आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लाल रंगाची सगळी नावं वेगळी काढ. या फोनांत जे सापडतीन, त्यांच्याशी आधी बोलते."

शनिवारपर्यंत जवळजवळ सगळ्या नंबरांना आपापली माणसं मिळाली. लाल माणसांपैकी एकाने "पुन्हा फोन करू नका" म्हणून झापलं. आत्यांनी शांतपणे "बरं" म्हटलं आणि पुढच्या वेळी करायचा म्हणून लिहून ठेवलं. बाकीची बरीचशी रविवारी आली. बोरगावची म्हातारी सुनेचा हात धरून आली. डॉक्टरांनी बॅटरीने दोन्ही डोळे बघितले आणि आत्यांना बाजूला घेऊन सांगितलं, उजव्याला फार उशीर झाला, डाव्याचं मात्र नक्की होईल. आत्यांनी मान हलवली. गाडी निघाली तेव्हा नेहमी फाटकाशी उभं राहून सूचना देणाऱ्या आत्या त्या दिवशी म्हातारीशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात सभागृहातच तपासणी होती. डॉक्टरांनी म्हातारीचा काळा चष्मा काढला, औषध घातलं, थोड्या वेळाने डोळा उघडायला सांगितला. ती आधी छताकडे बघत राहिली, मग सुनेकडे, मग समोर उभ्या असलेल्या आत्यांकडे.

"सिस्टर," ती नवलाने म्हणाली, "तुमचे केस कवा पांढरे झाले वो?"

आत्यांचा हात केसांकडे गेला. त्या हसल्या. "तू दिसत नव्हतीस न मले, तवा."

बाहेर रांग खोळंबली होती. आत्यांनी खुर्ची ओढली, म्हातारीसमोर बसल्या आणि तिचं पोटभर बघून होईपर्यंत उठल्या नाहीत.